खरवडलेल्या दारावर पॉलिश टिकत नाही? नवा डबा आणण्याआधी हळद लावून बघा

सोलापूरच्या उत्तर कसब्यातल्या आमच्या जुन्या घराचं पुढचं दार सागवानी आहे. दोन झडपा, वर गणेशपट्टी, खाली रुंद उंबरठा, तोंड पश्चिमेला. घरात लग्न निघालं की दाराला ऑइल पेंटचा एक हात, अशी आमच्याकडची रीत. त्यामुळे रंग काढायला घेतला तेव्हा सात थर निघाले. सगळ्यात वर चॉकलेटी, मध्ये कुठेतरी हिरवा, पार तळाशी पिवळा. वाटलं होतं, अवघड काम हेच. पण रंग चार दिवसांत निघाला. त्यानंतर मात्र दीड वर्षात त्याच दारावर मी तीन वेळा पॉलिश केलं आणि तिन्ही वेळा ते निघालं.

(पॉलिश म्हणजे इथे सगळंच आलं. वॉर्निश असो, पीयू (पॉलियुरेथेन) असो, लॅकर असो, आपल्याकडे सगळ्याला पॉलिशच म्हणतात. फरक पडतो तिथे नाव घेईन.)

पहिल्यांदा, संक्रांतीची गड्डा यात्रा संपल्यावर, बाहेरच्या लाकडासाठीचं तेलावर आधारलेलं वॉर्निश लावलं. आठ दिवस झाले तरी नक्षीच्या खोबणीत बोट चिकटत होतं. सपाट भाग वाळला, पण महिन्याभरात नख लावलं की साय निघावी तसा पापुद्रा निघायचा. दुकानदार म्हणाला, कंपनी बदला. बदलली. मे महिन्यात दुसऱ्यांदा लावलं, तर वर बारीक बुडबुडे आले आणि खोबणीत तोच चिकटा. तिसऱ्यांदा मिस्त्री बोलावला. त्याने सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा आतला थर) मारून वर लॅकर मारलं. दोन दिवस दार आरशासारखं चमकलं. सप्टेंबरचा पाऊस झाला आणि खालच्या वीतभर भागात पांढुरके ढग उठले, दिवाळीपर्यंत तिथून कवच सुटायला लागलं.

तीन वेळा डबा बदलला आणि लाकूड एकदाही तपासलं नाही, ही माझी चूक. आता कुणी विचारलं की कोणतं पॉलिश चांगलं, तर मी आधी उलट विचारते: रंग कशाने काढला?

अण्णांचा प्रश्न

आमच्या गल्लीच्या टोकाला एक अण्णा राहतात. उमेदीची सगळी वर्षं शहराच्या पूर्वभागातल्या डाय हाऊसमध्ये, म्हणजे रंगाच्या कारखान्यात, सूत रंगवण्यात गेली. दिवाळीच्या फराळाचं ताट घेऊन आले होते, दाराशी थबकले, सुटलेला पापुद्रा बोटाने उचलून बघितला आणि विचारलं,

"अक्का, रंग कशानं काढलात?"

"कॉस्टिक सोड्यानं. मिस्त्रीनं लेप दिला होता."

"बरं. मग ॲसिड कधी दिलात?"

"कसलं ॲसिड?"

"असं कसं ओ! आम्ही सुताला कॉस्टिक देतो, मग धुतो, मग ॲसिड देतो, परत धुतो. नाहीतर रंग बसल का त्यावर नीट? लाकूड तरी काय, सूतच की उभं."

लाकूड म्हणजे उभं सूत, हे त्यांनी सहज म्हटलं, पण त्यात माझ्या दीड वर्षाचं उत्तर होतं. कापूस आणि लाकूड दोन्ही सेल्युलोजचे तंतू. दोन्ही पाणी पितात आणि पाण्याबरोबर जे येईल ते आत ओढून घेतात. मिस्त्रीने कॉस्टिकचा लेप रंग सुटेपर्यंत ठेवला, खरवडून काढला, वरून बादलीभर पाणी ओतलं आणि "झालं" म्हणाला. वरचं कॉस्टिक गेलं. तंतूंत, सांध्यांत आणि नक्षीच्या तळाशी शिरलेलं तिथेच राहिलं.

त्याने बिघडतं काय? बाजारातली बहुतेक साधी वॉर्निशं अल्किड रेझिनची असतात आणि अल्किड बनतं जवस, सोयाबीन अशा तेलांपासून. तेल आणि कॉस्टिक एकत्र आलं की काय होतं, हे साबण करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणजे मी दारावर वॉर्निश लावत होते आणि खालच्या बाजूने त्याचा हळूहळू साबण होत होता. खोबणीतला चिकटा तोच, कारण कॉस्टिक तिथेच जास्त साठलेलं. लॅकरमधल्या नायट्रोसेल्युलोजलाही अल्कली (ॲसिडच्या उलट गुणाचं, कॉस्टिकसारखं द्रव्य) मानवत नाही, त्यामुळे मिस्त्रीचा आरसाही फुटायचाच होता.

हळदीची परीक्षा

पांढऱ्या शर्टावर वरण सांडलं आणि डागाला साबण लावला की डाग लाल होतो, हे प्रत्येक घरात बघितलेलं आहे. हळद अल्कलीत लाल होते. हळदीचं कुंकू होतं तेही याच गुणावर. दुकानात ॲसिड-अल्कली ओळखणारा पीएच पेपर मिळतो, तो जरूर आणा, पण नसेल तर अडून बसू नका.

जुन्या मलमलच्या कापडाचे चार बोटं रुंद तुकडे कापले. वाटीभर पाण्यात चमचाभर हळद कालवून त्यात बुडवले आणि सावलीत वाळवले. परीक्षेच्या वेळी तुकडा आरओच्या पाण्यात नुसता ओला करायचा, पिळायचा आणि लाकडावर दाबून मनात साठ मोजायचे. बोअरचं पाणी इथे घेऊ नका. आपल्याकडच्या बोअरला क्षार भरपूर, नुसत्या पाण्यानेच हळद कलली तर तुम्ही दाराला दोष देत बसाल. म्हणून आधी एक तुकडा फक्त पाण्यात भिजवून बाजूला ठेवायचा आणि त्याच्याशी ताडून बघायचं. हळदीचा थोडा पिवळेपणा लाकडाला लागतो, तो उन्हात उडून जातो.

झडपेच्या मधोमध दाबलेला तुकडा पिवळाच राहिला. मनात म्हटलं, अण्णांचं काहीतरीच. मग वेलबुट्टीच्या खोबणीत काडीने दाबून धरला. वीस मोजून होईपर्यंत कडा विटकरी झाल्या, साठला पूर्ण तुकडा कुंकवासारखा. खालच्या आडव्या पट्टीच्या सांध्यात तर दाबताक्षणी लाल. तिथे पांढरी पूड दिसत होती आणि ती मी इतके दिवस चुन्याची समजत होते. ते कॉस्टिकच. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा धुण्याचा सोडा होतो, आणि तोही अल्कलीच.

एक खोच ध्यानात ठेवा. परीक्षा धुतल्या धुतल्या करायची नाही. ओल्या लाकडाचा वरचा थर धुतलेला असतो, म्हणून पिवळं येतं आणि आपण खूश होतो. लाकूड वाळत जातं तसं आतलं पाणी पृष्ठभागाकडे येतं आणि येताना कॉस्टिक घेऊन येतं. माझं दार संध्याकाळी पास झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नापास.

दार धुण्याची पद्धत

आधी लागलेलं सगळं पॉलिश काढावं लागलं. या वेळी पत्र्याची खरवडणी आणि थिनर, कॉस्टिकचं नाव नाही. मग नायलॉनच्या ब्रशने दोन वेळा साध्या पाण्याने घासलं. त्यानंतर पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून दार ओलं केलं, खोबणीत टूथब्रशने चोळलं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. दुकानातलं व्हिनेगर साधारण चार-पाच टक्के ॲसेटिक ॲसिडचं असतं, ते पुरतं. अण्णांच्या ओळखीने डाय हाऊसचं तीव्र ॲसेटिक मिळत होतं, पण ते कातडी भाजतं आणि त्याचा वास नाकात बसतो. घरच्या दाराला ते नको.

व्हिनेगरनंतर पुन्हा स्वच्छ पाणी. हे टाळू नका. ॲसिड आणि अल्कली एकमेकांना मारतात तेव्हा क्षार तयार होतो, तो लाकडात राहिला तर पुढे ओल धरतो. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे धुण्याचा दिवस पाण्याच्या वाराशी जुळवावा लागला. शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा असावा, बोअरच्या पाण्याने धुतलं की वाळल्यावर पांढरे ओघळ उरतात.

सपाट भाग एका फेरीत पिवळ्यावर आला. सांधे आणि नक्षी यांना तीन फेऱ्या लागल्या, प्रत्येक फेरीनंतर एक दिवस थांबून परीक्षा. कॉस्टिकने काळवंडलेला सागवानी रंगही व्हिनेगरने बराच उजळला. खिळ्यांभोवती निळसर काळे डाग उरले. लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांची ती शाई असते. त्यावर ऑक्झॅलिक ॲसिड चालतं. लिटरभर कोमट पाण्यात साठ ते शंभर ग्रॅम, फक्त डागावर, नंतर भरपूर पाणी. हे विष आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, पोरांना लांब ठेवा, आणि वाळलेले स्फटिक पॉलिश पेपरने घासून उडवू नका, त्याची पूड नाकात जाते.

अजून रंग काढलाच नसेल आणि कॉस्टिकच वापरायचं असेल, तर जर्मनच्या पातेल्यात कालवू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं. नेहमी पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ते उसळतं. जुन्या दारांचे सांधे सरसाने चिकटवलेले असतील तर या लेपाने तेही ढिले होतात. मला विचाराल तर नक्षीच्या दाराला कॉस्टिक लावूच नये. मिस्त्रीला ते स्वस्त पडतं एवढंच.

कॉस्टिक वापरलंच नसेल तर

मग हळद पिवळीच राहील आणि चोर दुसरा शोधावा लागेल. सुटलेला पापुद्रा फेकून देऊ नका, उलटा करून उजेडात बघा. शक्य असेल तर भिंगाखाली.

पापुद्र्याच्या मागे करडे, कापसासारखे तंतू चिकटलेले असतील तर पॉलिशने लाकूड पकडलं होतं, लाकडानेच हात सोडला. उघडं लाकूड उन्हात राहिलं की त्यातलं लिग्निन, म्हणजे तंतूंना धरून ठेवणारा डिंक, वरच्या थरात खलास होतं. दोन-तीन आठवडे पुरतात, करडेपणा डोळ्याला दिसायच्या आधीच पकड कमी झालेली असते. रंग खरवडून "सवडीने करू" म्हणत पश्चिमेचं दार महिनाभर उघडं ठेवणाऱ्यांचं हे असं होतं. तो मेलेला थर घासून ताजं लाकूड वर काढावं लागतं.

मागची बाजू गुळगुळीत, काचेसारखी असेल तर पॉलिशने पकडच घेतली नव्हती. धूळ, मेण किंवा अति घासलेलं लाकूड. पेंट रिमूव्हर वापरला असेल तर मेणावर संशय घ्या. रिमूव्हर लगेच उडून जाऊ नये म्हणून त्यात मेण घातलेलं असतं. रंग निघतो, मेण मागे राहतं. दाराला पाण्याचे चार थेंब लावा. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर मेण, तेल किंवा जुनं पॉलिश शिल्लक आहे, हळूहळू पसरून मुरले तर लाकूड उघडं आहे. मेण काढायला टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं फडकं घ्या आणि प्रत्येक हाताला फडक्याची स्वच्छ बाजू. एकच फडकं फिरवत राहिलात तर मेण फक्त या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात जातं.

रिमूव्हरबद्दल आणखी एक, कारण हे आपल्या गावाला विशेष लागू आहे. जुन्या पद्धतीच्या रिमूव्हरमध्ये मिथिलिन क्लोराइड असतं आणि ते साधारण 40 अंशांना उकळतं. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला तो डबा म्हणजे झाकण घातलेलं उकळतं भांडं. झाकण उचकटलं की तोंडावर फवारा. शिवाय ते श्वासातून आत गेलं की शरीरात त्याचं कार्बन मोनॉक्साइड होतं. बंद खोलीत हे काम करून माणसं दगावलेली आहेत. अंगणात, सकाळी, वाऱ्याच्या बाजूला उभं राहून करा, नाहीतर करू नका.

पॉलिश लावताच गोल खळगे पडत असतील, जणू त्या जागी लाकूड ते घ्यायलाच तयार नाही, तर सिलिकॉन. फर्निचर चमकवायचे स्प्रे वर्षानुवर्षं मारलेल्या कपाटांना, टेबलांना हा आजार असतो. सिलिकॉन घासून जात नाही. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या, मेण काढलेल्या चपडा लाखेचा पातळ हात आडपडद्यासारखा मारतात आणि मग वरचं पॉलिश. घरातल्या सामानाला हे उत्तम, उन्हापावसातल्या दाराला नाही.

वरून कोरडं, आतून ओलं

सोलापूरचं ऊन इथे फसवतं. धुतलेलं दार दोन तासांत पांढरं कोरडं दिसतं आणि मिस्त्री म्हणतो, "काय होत नाही ओ, मारू या." सांध्यात आणि उभ्या पट्ट्यांच्या खालच्या टोकात पाणी तसंच असतं. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे नळ्यांची जुडी, ते पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पितं.

मी झडपा उतरवून ओसरीत, सावलीत, खाली विटा देऊन बारा दिवस उभ्या ठेवल्या. उन्हात वाळवल्या असत्या तर एका अंगाने चटकन आकसून चिरा पडल्या असत्या. वाळलं का हे बघायला प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी आतून धुरकट दिसला किंवा खालचं लाकूड गडद दिसलं तर थांबा. मिस्त्रीकडे ओल मोजायचं सुयांचं मीटर असेल तर बाहेरच्या लाकडाला 12 टक्क्यांच्या आसपास किंवा खाली चालतं. पण क्षार शिल्लक असलेल्या लाकडावर ते मीटर खोटं बोलतं आणि ओल जास्त दाखवतं. म्हणून आधी हळद, मग मीटर.

तिसऱ्या वेळचे पांढरे ढग कुठून आले, तेही याच वेळी कळलं. आमच्याकडे रोज सकाळी दारात सडा पडतो आणि उंबरठा पाण्याने पुसला जातो. झडपांच्या खालच्या कडेला कुणी कधी रंगाचा हात लावलेलाच नव्हता, कारण दार लटकलेलं असताना ती कड दिसत नाही. रोज तिथून पाणी वर चढत होतं. झडप उतरवली नसती तर ती कोरी कड मला कधीच दिसली नसती.

घासणं

यावर फार बोलत नाही. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरुवात, मग 120, आणि बाहेरच्या दाराला 150 वर थांबा. घरातल्या टेबलाला 180-220 पर्यंत जा. लाकूड जितकं गुळगुळीत तितकं चांगलं, असं हाताला वाटतं, पॉलिशला वाटत नाही. त्याला पकडायला काहीतरी लागतं. नेहमी रेषेच्या दिशेने. मध्ये एकदा ओल्या फडक्याने पुसून उठलेले तंतू वाळू द्यावेत आणि वापरलेल्या पेपरने हलके उतरवावेत. स्टील वूल सागवानीला लावू नका, त्याचे कण छिद्रात अडकतात आणि पहिल्या ओलीला काळे ठिपके उठतात.

भेगा भरायला खडूच्या पुडीची लांबी वापरत असाल तर ती पॉलिशखाली पांढरी ठिगळं दाखवते. त्याच दाराचा भुसा रेझिनमध्ये कालवून भरला तर निदान नात्यातला वाटतो.

खरं बोलायचं ते शिशाबद्दल. भारतात घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2016 च्या नियमांनी आली आणि नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात किती शिसं असेल याचा भरवसा नाही, त्यातही जुना पिवळा आणि शेंदरी. माझ्या दाराच्या तळाशी पिवळाच होता, आणि नक्षीत राहिलेला तो पिवळा मी पहिल्या वेळी कोरडाच घासला, तोंडाला नुसता पदर बांधून. ते करू नका. शिल्लक जुना रंग ओला ठेवून खरवडा, चांगला मास्क वापरा, पोरं आणि गरोदर बाई घरात असेल तर त्यांना त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा. निघालेला गाळ गटारात किंवा तुळशीच्या कुंडीत न टाकता पिशवीत बांधून वेगळा ठेवा.

धूळ झटकून चालत नाही, पुसावी लागते. आणि इथे टॉवेल-चादरींच्या गावात राहून सांगते, टॉवेल वापरू नका. लव सुटते. दहा वेळा धुतलेलं जुनं धोतर किंवा मलमल घ्या.

सागवानाचं तेल

सागवान ऊनपाऊस सोसतं ते त्याच्या अंगच्या तेलकट द्रव्यांमुळे, आणि तीच द्रव्यं वॉर्निश वाळू देत नाहीत. तेलाचं वॉर्निश हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, सागवानातली काही द्रव्यं ती क्रिया अडवतात. हळद पिवळी, लाकूड कोरडं, तरी चिकटा जात नाही, असं असेल तर हेच कारण. उपाय सोपा आहे, फक्त वेळ साधावी लागते. पॉलिश लावायच्या जरा आधी ॲसिटोन किंवा एनसी थिनरने (लॅकर पातळ करायचं थिनर) फडकं ओलं करून दार पुसायचं, फडकं पिवळसर-तपकिरी होईल, ते उडून गेलं की लगेच पहिला हात. आदल्या दिवशी पुसून ठेवलंत तर आतलं तेल रात्रीत पुन्हा वर येतं. हे करताना देवघरातला दिवा आणि गॅस दोन्ही बंद.

शेवटी पॉलिश

मी बाहेरच्या लाकडासाठीचं, ऊन रोखणारी द्रव्यं असलेलं वॉर्निश घेतलं. आतल्या फर्निचरचं मेलामाइन किंवा लॅकर बाहेर लावायचं नाही. मिस्त्रीचा सँडिंग सीलरही नाही. त्यात घासायला सोपं जावं म्हणून साबणासारखं द्रव्य असतं आणि त्याच्यावर पीयूची पकड कच्ची राहते. त्याऐवजी तेच वॉर्निश डब्यावर सांगितलेल्या थिनरने पातळ करून पहिला हात. साधारण 10 ते 20 टक्के, पण डब्यावर वेगळं असेल तर डब्याचं ऐका. हा हात लाकडात मुरतो. मग दोन-तीन हात न पातळ करता, मध्ये हलकं घासून.

मे महिन्यातले बुडबुडे का आले होते? मी दुपारी चारला, पश्चिमेचं ऊन अंगावर असताना लावत होते. लाकूड तापत गेलं की छिद्रातली हवा फुगते आणि ओल्या थरातून वर येते. लाकूड थंड होत असताना लावलं तर हवा आकसते आणि वॉर्निश आत ओढून घेते. म्हणून या वेळी झडपा दिवसभर ओसरीत ठेवून ऊन उतरल्यावर हात लावला. हिवाळ्यात दव पडायच्या आत थर बोटाला न चिकटण्याइतका व्हायला हवा, म्हणून फार उशीरही नको.

खालच्या आणि वरच्या कडेला, कडीच्या भोकांना, कुलपाच्या खाचेला दोन हात जास्त दिले.

सगळं दार रंगवण्याआधी मी आतल्या बाजूला, जिथे हळद सगळ्यात लाल झाली होती, तिथे हातभर जागेवर आठवडाभर आधी लावून बघितलं. वाळल्यावर ब्लेडने फुलीसारखा बारीक छेद दिला, वर चिकटपट्टी दाबली आणि झटक्यात ओढली. काही निघालं नाही. दीड वर्षात पहिल्यांदाच.

त्या हिवाळ्यानंतर दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे झाले. झडपा चांगल्या आहेत, पश्चिमेच्या अंगाला चमक थोडी मंदावली आहे, येत्या थंडीत हलकं घासून एक हात देईन. पापुद्रा सुटायची वाट बघायची नाही, मंदावलं की हात द्यायचा, म्हणजे पुन्हा मुळापासून खरवडावं लागत नाही.

उंबरठ्यावर मात्र मी हार मानली. तिथे रोज पाणी, हळदकुंकू, सणावाराला तेलाची धार. सासूबाईंना सांगून बघितलं, त्या म्हणाल्या, "पॉलिशसाठी उंबरठा का उंबरठ्यासाठी पॉलिश?" त्यामुळे तिथे वॉर्निश नाहीच. साफ करून, वाळवून, वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळते, उकळलेलं, हार्डवेअरच्या दुकानातलं. घाण्यावरचं खायचं तेल आठवडे वाळत नाही. तेलाचं फडकं बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं, आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. मी ते पाण्याच्या बादलीत बुडवते आणि मग दोरीवर एकेरी पसरून वाळवते. दोरीवर ते बघून अण्णांनी परवा विचारलं, "अक्का, सूत रंगवायला घेतलात का आता?"